तीन जुड्यांच्या पाच

१७ मे १९३१, रविवार

सटवीनं काहीच लिहिलं नाही!

काल पोरीची सहावी झाली. आत्याबायनं पाट मांडला, सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडून वहीतला एक कागद नि पेन्सिल मागून घेतली. सटवी येऊन पोरीचं नशीब लिहून जाते. दुसऱ्या घरांत कोळशाचा तुकडा ठेवतात, आमच्याकडे पेन्सिल. सून शिकलेली ना! आज सकाळी बघितलं तर कागद कोरा. आत्याबाय म्हणाली, तिचं अक्षर माणसाला दिसत नसतं.

असेल. कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून मीच लिहायला घेतला. वही बाबांनी दिलेली. बाबा खाडीपलीकडं मुरुडच्या बंदरावर आगबोटीचा माल उतरवून घेतात, तिथल्या कचेरीतली ही अर्धी कोरी वही. लग्नात सोन्याऐवजी वही आणि एक पंचांग! सासू म्हणून आत्याबायनं नाक मुरडायला हवं होतं. तिनं उलट कोळीवाडाभर सांगितलं, माझी सून चौथी शिकलेली हाय. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

पोरगी गेल्या सोमवारी झाली. मांजराच्या पिलाएवढी आहे. मी तिच्याकडं बघते आणि मला काही वाटत नाही. वाटायला पाहिजे का, कुणाला विचारू? आई असती तर बाळंतपण माहेरी झालं असतं आणि हेही विचारता आलं असतं. मला नुकतं सोळावं लागलंय.

२२ मे

बारसं झालं. नाव राही. शेजारच्या काशीकाकूनं पाळण्यात घातली. हे नव्हते. हे दुसऱ्याच्या गलबतावर खलाशी आहेत आणि गलबत पावसाळाभर मुंबईत. नारळी पुनव झाल्यावर येतील. ह्यांचं नाव मी वहीतसुद्धा लिहीत नाही.

मला रोज भात आणि सुक्या मुशीचं कालवण. मुशी मासळीनं बाळंतिणीला दूध येतं. खरंच येतं, चोळी ओली होते. आत्याबाय स्वतः वाढते आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलत नाही. मी खाते. चव लागत नाही, पण खाते.

१ जून, सोमवार

काल पुनव झाली आणि होड्या वर ओढल्या. आमची होडी नाही. मामंजी फाल्गुनात गेले, मागोमाग होडी विकली. आता दर्या बंद, तो नारळी पुनवेला उघडायचा.

आत्याबायनं आज दोरीवरची पहिली जुडी सोडली. चुलीच्या वर आढ्याला एक दोरी आहे. तिला सुक्या मासळीच्या जुड्या बांधलेल्या, मुशीच्या पट्ट्या आणि बोंबील. एक जुडी म्हणजे एक पंधरवडा. पुनवेला एक सोडायची, अवसेला एक. त्यातली थोडी घरात खायची, बाकीची टोपलीत घालून वरच्या शेतकऱ्यांच्या गावांत न्यायची आणि तिच्या बदली तांदूळ आणायचे. म्हणजे मासळी तीच आणि भातही तोच. आत्याबायला वाचता येत नाही, पण तिची दोरी कधी चुकली नाही म्हणतात. चौथी जुडी संपते त्या दिवशी नारळी पुनव.

१० जून

पाऊस. राही पिते, झोपते. लिहिण्यासारखं काही नाही.

१७ जून, बुधवार

काशीकाकू सकाळी चाळण मागायला आली. तिचा जावई येणार. आजपासून धोंड्याचा महिना लागला, जावयाला जेवायला घालायचं, वाण द्यायचं. मी विचारलं, धोंड्याचा महिना यंदा कुठला?

ती म्हणाली, “यंदा आषाढ दोन हाईत की. तुला ठाव न्हाय? तू तर वाचतेस!”

चाळण घेऊन ती गेली. मी वर दोरीकडं बघितलं. दोरीवर एका आषाढाचंच आहे.

आता इथं खरं लिहिते. दुसरं कुठं लिहिणार! पाडव्याला भट देवळात पंचांग वाचतो, वर्षाचं सगळं सांगतो आणि सगळा वाडा ऐकायला जातो. यंदा आम्हाला मामंजींचं सुतक. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. पुढं चार दिवसांनी व्यापारी सुकी मासळी घ्यायला दारात आला, तेव्हा आत्याबाय मला म्हणाली, नारळी पुनवेला किती महिने ते तुझ्या पंचांगात बघून सांग. तेवढं ठेवते, बाकीचं देऊन टाकते. मला आठवा होता, पाय सुजलेले. ट्रंक उघडली, पंचांग काढलं. मुंग्यांएवढी अक्षरं, रकानेच रकाने. चौथीत पंचांग नव्हतं! वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली. मिटलं, आणि बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख, जेठ, आषाढ, अर्धा श्रावण. आणि म्हटलं, पंचांगात असंच आहे.

आत्याबायनं दोरी भरली. उरलेली मासळी व्यापाऱ्यानं नेली.

‘दुष्काळात तेरावा महिना.’ म्हण पाठ होती. गुरुजींनी अर्थ विचारला तेव्हा पहिला हात माझा वर होता.

१८ जून

आत्याबायला काशीकाकूकडूनच कळलं. मला काही विचारलं नाही. पाटावर उभी राहून दोरीवरचं सगळं खाली काढलं. परवाच सोडलेली एक आणि बांधलेल्या दोन, अशा तीन जुड्या. त्या सोडल्या आणि दिवसभर बसून त्यांच्या पाच केल्या. पुन्हा दोरीला बांधल्या. लांबून बघितलं तर दोरी आधीपेक्षा भरलेली वाटते!

काशीकाकूला म्हणाली, माझाच अंदाज चुकला. मी आत राहीला घेऊन बसले होते. ऐकलं. उठून बाहेर गेले नाही.

२५ जून

भाताऐवजी पेज. मुशीची एक पट्टी मला, आत्याबायला नाही. ती ओहोटीला खाडीत जाते आणि चिखलातून तिसऱ्या काढून आणते. शिंपल्यांचं टोपलं घेऊन कमरेपर्यंत भिजून येते. तिसऱ्या उकडल्या की घरभर वास. कधी टाकळ्याची भाजी. मला दोन्ही बंद. मी विचारलं, एखादी खाऊ का?

“तिसऱ्या थंड असतात, पोरी. तू खाशील नि ढाळ राहीला लागंल. बाळंतिणीनं न्हाय खायच्या.”

माझ्यासाठीच सांगते. मी पेज प्यायले. ती माझ्यासमोर तिसऱ्या खात होती आणि मी शिंपल्यांकडं बघत होते.

४ जुलै

काशीकाकूनं दोन धोंडे पाठवले, गूळ घातलेले. जावयाच्या ताटातले उरलेले. आत्याबायनं दोन्ही मला दिले. दोन्ही खाल्ले. अर्धासुद्धा ठेवायचं मनात आलं नाही, संपल्यावर आलं.

काशीकाकूच्या घरात आषाढ दोन आहेत आणि मासळीही दोन आषाढांची आहे. ती वाईट नाही. एक पायली तांदूळ द्यायला निघाली होती. आत्याबाय म्हणाली, आमचं हाय. तुझा जावई जेवू दे.

९ जुलै

आत्याबाय वरच्या दोन गावांत टोपली घेऊन गेली आणि टोपली घेऊनच परत आली. तिथंही कणग्या तळाला लागल्यात. नवं भात दसऱ्याला. बोंबील घेऊन ते तरी काय देणार? एका घरातून ओंजळभर कण्या मिळाल्या. त्यांचीही सून बाळंतीण आहे म्हणे. चौदा वर्षांची. तिला कण्या नाहीत, नुसतं वरचं पाणी. आत्याबायनं हे सांगितलं आणि चूल फुंकायला लागली.

१४ जुलै

वाड्यात बोलतात. पाण्यावर ऐकलं. गोदूबाईनं, म्हणजे आमच्या आत्याबायनं, लोभापायी सगळी मुशी विकली, आता नात उपाशी. मी घडा भरला. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. घडा डोक्यावर घेतला आणि आले.

माझ्या चोळ्या आता कोरड्या असतात.

१८ जुलै

राही दिवसभर रडते. छातीला लावली की दोन घोट ओढते, सोडते आणि माझ्याकडं बघून रडते. मी पाळणा हलवते. पाळण्याची कडी करकरते तेवढंच ऐकू येतं. आत्याबाय म्हणते तिला उचल. उचलते.

२१ जुलै, मंगळवार

चोरी केली. आत्याबाय पाण्याला गेली होती. टोपातल्या तिसऱ्या खाल्ल्या, उभ्यानं, थंडगार. किती ते माहीत नाही. शिंपले खालच्या शिंपल्यांत मिसळून ठेवले. चव लागली! दोन महिन्यांत पहिल्यांदा कशाची तरी चव लागली.

२३ जुलै

कालही खाल्ल्या. आजही. आज राही पिता पिता झोपली. तोंडाच्या कडेला दूध होतं. मी ते पुसलं नाही, बघत बसले. आत्याबाय म्हणाली, बघ, मुशीची पट्टी कामाला आली. आणि मग टोपाकडं बघून म्हणाली, आता तिसऱ्या पुरेनात बाय, माझीच भूक वाढली वाटतं.

२७ जुलै, सोमवार

राहीला ढाळ. सकाळपासून सात फडकी. हिरवं पाणी.

आत्याबायनं माझ्याकडं सरळ बघून विचारलं, “काय खाल्लंस का?”

“न्हाय.”

मी काय केलं ते मला माहीत आहे. पंचांगात जे केलं तेच केलं.

२८ जुलै

तिसऱ्यांना हात लावला नाही. लावणार नाही. ढाळ थांबले नाहीत. पाऊस एवढा की विहिरीचं पाणी चहासारखं झालंय. तेच गाळून सगळे पितात, राहीच्या तोंडातही तेच बोटानं.

२९ जुलै

पुनव. चौथी करंगळीएवढी जुडी सोडली. ह्या पुनवेनंतर अजून एक पुनव.

३ ऑगस्ट

दूध नाही. काशीकाकू शेळीचं दूध देते, वाटीभर. आत्याबायनं ह्या वेळी नाही म्हटलं नाही. त्यात पाणी घालून कापसाच्या वातीनं पाजतो. अर्धं गळून मानेत जातं. मानेत सगळं पुरळ.

८ ऑगस्ट

बाबांना चिठ्ठी लिहिली. खाडीतली तर, पलीकडं नेणारी होडी, पावसानं बंद. चिठ्ठी ट्रंकेत ठेवली.

११ ऑगस्ट

आता राही रडत नाही. काशीकाकू म्हणाली, गुणी झाली बघ पोर.

१५ ऑगस्ट

शेवटची जुडी परवा अवसेला सुटली. दोरी मोकळी. आत्याबायनं तिला हात लावून बघितला, उगाच.

मला आज चुलीशी घेरी आली. आत्याबायनं मला भिंतीला टेकवून बसवलं आणि तिच्या वाट्याची पेज माझ्या तोंडाला लावली. मी गिळत होते आणि ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात पेज होती.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

राही गेली. सकाळी. चुलीवर पेज उतू गेली म्हणून मी उठले आणि परत आले एवढ्यात.

२२ ऑगस्ट

काशीकाकूच्या नवऱ्यानं, विठोबाकाकांनी, माडांच्या मागं खड्डा केला. घरात पुरुष नाही म्हणून आत्याबायनंच नेली. मला येऊ दिलं नाही. मी फडकी धुतली. सगळी धुऊन झाल्यावर कळलं की आता वाळवायची कशाला. तरी वाळत घातली.

रडू येत नाही. वाड्यातल्या बायका वाट बघून गेल्या.

२८ ऑगस्ट

नारळी पुनव. आमच्याकडून नारळ नाही. वाड्यानं दिला. किनाऱ्यावर वाजंत्री होती, ऐकू येत होती.

सात दिवस. बाकी काही लिहीत नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार

होड्या आल्या. विठोबाकाकांनी ताजी मासळी आणून दिली, नुसती उंबऱ्यात ठेवली आणि गेले. आत्याबायनं कालवण केलं, भात काशीकाकूकडचा. मला ताटभर वाढलं. मी खाल्लं. मागून घेऊन पुन्हा खाल्लं. लाज वाटली पाहिजे, पण हात थांबत नव्हता.

२ सप्टेंबर, बुधवार

दूध आलं.

दुपारी चोळी भिजली. आधी वाटलं घाम. मग छाती दगडासारखी दुखायला लागली. आत्याबायनं बघितलं. तांब्यात पाणी तापवलं, फडकं भिजवलं, राहीचंच, शेक दिला आणि हातानं दूध पिळून काढलं. वाटीत. तिच्या हाताला सवय होती. तिचीही तीन गेलीत, ह्यांच्या आधी. मला कधी सांगितलं नव्हतं.

वाटी भरत होती आणि माझ्या तोंडातून निघालं. पंचांग मी वाचलंच नव्हतं, बोटांवर मोजलं आणि खोटं सांगितलं. मग तिसऱ्यांचंही. सगळं एका दमात.

तिचा हात थांबला नाही.

“काशीनं मला चैत्रातच सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “यंदा दोन आषाढ, दोरी जास्त बांध म्हणून. मी म्हटलं, माझी सून वाचते. तुझ्या तोंडापेक्षा तिचं पंचांग खरं.”

तिनं फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळलं.

“तुझ्या नावानं मिरवायचं व्हतं मला. मग कुणाला सांगू?”

म्हणजे तीन महिने आम्ही दोघी एका चुलीशी बसून एकच गोष्ट लपवत होतो. ती माझ्यापासून आणि मी तिच्यापासून.

वाटी घेऊन माडांच्या मागं गेली आणि रिकामी घेऊन आली. बऱ्याच वेळानं, भांडी घासताना, स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, तुला बंद केल्या, नि मी तर तिसऱ्यांवरच उभी राहिले.

तेव्हा रडले. खूप रडले. बायका नव्हत्या, बरं झालं.

१९ सप्टेंबर

हे आले. माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणि राहीसाठी खुळखुळा. मुंबईला चिठ्ठी कुणी लिहिणार होतं? लिहिणारी मीच. ते खुळखुळा हातात घेऊन ओट्यावर बसले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, तू किती वाळलीस.

बांगड्या मनगटातून निघून पडतात.

१२ डिसेंबर

दोनदा कावळा शिवला नाही.. नाही, असं नाही लिहायचं. दोन महिने पाळी नाही. आत्याबायला न सांगता कळलं. सकाळच्या ओकाऱ्या ऐकू येतातच. ती म्हणाली, एवढ्यात? आणि मग, बरं. हे गलबतावर गेलेत. सतरावं लागायला अजून वेळ आहे.

काही वाटत नाही. पुन्हा तसंच.

७ एप्रिल १९३२, गुरुवार

पाडवा. ह्या वेळी आत्याबाय देवळात जाऊन पंचांग ऐकून आली. तरी घरी आल्यावर बाबांनी पाठवलेलं नवं पंचांग ट्रंकेतून काढून माझ्यापुढं ठेवलं. “आता तू वाच.” बोट ठेवून वाचलं, रकाना न रकाना, सगळी सकाळ गेली. यंदा आषाढ एकच. मग तिनं माझ्या पोटाकडं बघून विचारलं, ह्याचे दिवस कवा भरतात? पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा मोजलं. आषाढातच.

ती उठली, दोरी ओढून बघितली. मी म्हटलं, आत्याबाय, ह्या वेळी मी तिसऱ्या खाणार. ती पाठमोरीच होती. म्हणाली, “खा. मीच आणीन.”